बंदिस्त सिसिलियन समजून घेताना: स्पास्की–गेलर, सुखुमी १९६८

बुद्धिबळात पांढऱ्याने पहिल्या चालीला राजापुढचं प्यादं ई४वर आणलं आणि काळ्याने सी५ खेळलं, की सिसिलियन बचाव सुरू होतो. नवख्या खेळाडूच्या पोटात इथेच गोळा येतो, कारण या दोन चालींनंतर काय काय होऊ शकतं यावर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं आहे. नायडॉर्फ, ड्रॅगन, श्वेश्निकोव्ह अशी एकेक नावं, आणि प्रत्येकाच्या पोटात वीस-पंचवीस चालींपर्यंत पाठ करून ठेवलेल्या फांद्या. काळी मोहरी घेणारा घरून तयारी करून आलेला असतो. त्याला हेच हवं असतं.

पांढऱ्याकडे यातून सुटायची एक जुनी वाट आहे. ती म्हणजे बंदिस्त सिसिलियन. हा लेख त्या वाटेविषयी आहे, आणि ती नीट कळावी म्हणून आपण एकच डाव शेवटपर्यंत पाहणार आहोत. मोहरी कशी चालतात एवढं माहीत असलं तरी पुरे. घरांची नावं पांढऱ्याच्या बाजूने वाचायची: डावीकडून उजवीकडे ए ते एच या उभ्या पट्ट्या, खालून वर १ ते ८ या आडव्या ओळी. शेजारी पट मांडून ठेवलात तर उत्तम.

आधी नेहमीच्या, म्हणजे खुल्या सिसिलियनमध्ये काय होतं ते दोन वाक्यांत. पांढरा दुसऱ्या चालीला घोडा एफ३वर काढतो, तिसऱ्या चालीला डी४ करतो, काळा सी-प्याद्याने ते प्यादं मारतो आणि पांढरा घोड्याने परत मारतो. पांढऱ्याने मधलं एक प्यादं दिलं आणि काळ्याचं कडेचं घेतलं. मोबदल्यात पटाचा मध्य मोकळा झाला, मोहरी भराभर बाहेर आली आणि मारामारी लगेच पेटली. काळ्याला सी-पट्टीवर हत्तीसाठी मोकळी वाट मिळाली आणि मध्यात एक प्यादं जास्त राहिलं. हा सौदा दोघांनाही परवडतो, म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे.

बंदिस्त सिसिलियनमध्ये पांढरा हा सौदाच नाकारतो. डी४ करायचंच नाही. डी-प्यादं डी३वर ठेवायचं, दुसऱ्या चालीला वजिराकडचा घोडा सी३वर काढायचा, जी३ करून राजाकडचा उंट जी२वर बसवायचा आणि त्यानंतर बहुतेक वेळा एफ४. काळाही साधारण तसंच करतो: घोडा सी६, प्यादं जी६, उंट जी७, प्यादं डी६. सहा-सात चाली होतात आणि एकही प्यादं मारलं गेलेलं नसतं. पाहणाऱ्याला वाटतं, हे दोघे काय नुसते घर आवरत बसलेत.

पण मध्य बंद झाला की एक मोठा बदल होतो. खुल्या मध्यात तुम्ही एका कडेला हल्ला चढवायला निघालात तर दुसरा मधून घुसून तुमची तारांबळ उडवू शकतो. मध्य बंद असला की ती भीती बरीच कमी होते. मग दोघेही आपापल्या बाजूला बिनधास्त प्यादी पुढे ढकलू शकतात. पांढऱ्याची बाजू कोणती आणि काळ्याची कोणती, हे प्याद्यांच्या रचनेवरूनच ठरतं. पांढऱ्याची ई४ आणि एफ४ ही प्यादी राजाच्या बाजूला पुढे आहेत, त्याला तिथे जागा आहे. काळ्याचं सी५ प्यादं वजिराच्या बाजूला पुढे आहे, आणि जी७वरचा त्याचा उंट लांब कर्णावरून थेट बी२कडे बघतो. म्हणून काळा हत्ती बी८वर आणून बी५, बी४ करत पुढे सरकणार, आणि पांढरा जी४, एफ५ करत काळ्या राजावर चाल करून जाणार.

एक घर मात्र या सगळ्यात महत्त्वाचं आहे: डी४. पांढऱ्याचा घोडा सी३वर उभा असल्यामुळे त्याचं सी-प्यादं मागे सी२वर अडकून पडतं; सी३ करून डी४ राखणं त्याला लगेच जमत नाही. काळ्याचं सी५ प्यादं, सी६चा घोडा आणि जी७चा उंट या तिघांची नजर डी४वर असते. त्यामुळे मध्य बंद असला तरी तो पूर्णपणे पांढऱ्याच्या ताब्यात आहे असं समजायचं कारण नाही. हेच कारण आहे की जाणकार या प्रारंभाला काळ्यासाठी फार धोकादायक मानत नाहीत. हिशेबाने पाहिलं तर डाव बरोबरीच्या आसपास राहतो. पण हिशेबाने बरोबरी असणं आणि पटावर बसून ती टिकवणं यांत फरक आहे.

हा फरक किती मोठा असू शकतो ते १९६८मध्ये सुखुमीला दिसलं.

सुखुमी हे काळ्या समुद्राच्या काठावरचं शहर, तेव्हा सोव्हिएत जॉर्जियात. जागतिक विजेत्याचा आव्हानवीर ठरवण्यासाठी तेव्हा कँडिडेट्सचे सामने होत: दोन खेळाडूंनी एकमेकांशी अनेक डाव खेळायचे, जो पुढे तो पुढच्या फेरीत. उपांत्यपूर्व फेरीत बोरिस स्पास्की आणि येफिम गेलर समोरासमोर आले. स्पास्की १९६६मध्ये टिग्रान पेट्रोस्यानकडून जागतिक विजेतेपदाचा सामना हरला होता आणि पुन्हा वर चढायच्या तयारीत होता. गेलर ओडेसाचा, प्रारंभांच्या अभ्यासात त्या काळच्या सर्वांत दर्दी लोकांपैकी एक. जी७वर उंट ठेवून खेळायच्या रचना तर त्याच्या हातचा मळ. अशा माणसाशी पाठांतराच्या लढाईत उतरणं म्हणजे त्याच्याच अंगणात कुस्ती. स्पास्कीने या सामन्यात एकापेक्षा जास्त वेळा बंदिस्त सिसिलियन निवडला, तो याच हिशेबाने, असं मला वाटतं. आपण पाहतोय तो सहावा डाव. स्पास्की पांढरा.

पहिल्या आठ चाली: ई४ सी५, घोडा सी३ डी६, जी३ घोडा सी६, उंट जी२ जी६, डी३ उंट जी७, एफ४ घोडा एफ६, घोडा एफ३ आणि काळ्याचा किल्लेकोट, मग पांढऱ्याचा किल्लेकोट आणि काळ्याचा हत्ती बी८वर. दोन्ही राजे जी-पट्टीवर जाऊन बसले. काळ्याचा हत्ती बी८ला जाताच त्याचा इरादा स्पष्ट झाला: बी५ येणार.

नवव्या चालीला स्पास्की एच३ खेळला. दिसायला अगदीच मवाळ चाल. पण तिची दोन कामं आहेत. एक, काळ्याच्या घोड्याला किंवा उंटाला जी४वर येऊ द्यायचं नाही. दोन, पुढे आपलंच जी४ प्यादं आधारासह ढकलायचं. काळा बी५. मग दहाव्या चालीला ए३. ही चाल वादाची आहे. काळा बी४ करून सी३च्या घोड्याला हाकलणार हे उघड होतं. ए३ने तो थोडा रेंगाळेल, त्याला आधी ए५ करावं लागेल. पण त्याची किंमतही आहे. पुढे झालं ते असं: ए५, उंट ई३, बी४, मग ए-प्याद्याने बी४वर मारामारी, काळ्याने परत मारलं. आता ए-पट्टी पूर्ण मोकळी झाली, आणि ती मोकळी झाली ती काळ्या सैन्याच्या बाजूला.

घोडा ई२ला परतला. काळ्याने उंट बी७वर काढला. स्पास्कीने बी३ केलं, गेलरने हत्ती बी८वरून ए८वर आणला, आणि पंधराव्या चालीला स्पास्कीने आपला ए१चा हत्ती उचलून सी१वर ठेवला. म्हणजे पटावरची एकमेव मोकळी पट्टी त्याने चक्क देऊन टाकली! शाळेत आपल्याला शिकवतात की मोकळी पट्टी हत्तीने धरावी. गेलरने धरली. त्याचा हत्ती लगेच ए२वर उतरला, पांढऱ्याच्या दुसऱ्या ओळीत.

इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. काळ्याचा हत्ती ए२वर आहे खरा, पण तो मारणार काय? त्याच ओळीत बी२ रिकामं आहे आणि पुढे सी२चं प्यादं आहे. ते प्यादं सी१चा हत्ती राखतो आहे. बी३ आणि डी३ ही दोन्ही प्यादी सी२ राखतं. तीन प्याद्यांची ती रचना सी२च्या पायावर उभी आहे आणि त्या पायाला एक हत्ती पुरेसा आहे. स्पास्कीने वजिराच्या बाजूला नेमका एवढाच पहारा ठेवला: एक हत्ती, तीन प्यादी. बाकी सगळं सैन्य दुसरीकडे न्यायला मोकळं. ए-पट्टी सोडून देणं ही ढिलाई नव्हती. ती पट्टी जिथे पोचते तिथे फारसं काही ठेवलेलंच नव्हतं.

सोळाव्या चालीला स्पास्कीने जी४ केलं आणि खरा हल्ला सुरू झाला. गेलरचा वजीर ए८ला गेला, पुढच्या चालीला ए६ला. पांढऱ्याचा वजीर ई१, मग एफ२. एफ२वर तो एफ-पट्टीच्या मागे उभा राहतो आणि ई३च्या उंटाच्या मागून सी५कडेही डोळा ठेवतो. अठराव्या चालीला गेलरचा सी६चा घोडा ए७वर गेला. हा घोडा कुठे निघालाय? ए७वरून बी५, तिथून ए३. तिथे पोचला की हत्तीच्या जोडीने सी२वर दुहेरी हल्ला होतो, आणि राखणारा मात्र एकच.

गेलरचा बेत मुळीच खुळा नव्हता. सी२ पडलं की डी३चा आधार जातो, आणि ए६चा वजीर कर्णावरून नेमका डी३कडे बघतोय. डी३ पडलं की ई४ डळमळतं, मग बी७चा उंट जागा होतो. पांढऱ्याचा सगळा मध्य एका बाजूने उसवत गेला असता. त्यासाठी त्याला वेळ हवा होता. घोड्याच्या तीन चाली.

पहिल्या चालीनंतर, म्हणजे एकोणिसाव्या चालीला, स्पास्कीने एफ५ ढकललं. बंदिस्त सिसिलियनमधली ही सर्वांत मोलाची चाल असते. या एका ढकलण्याने दोन दारं उघडतात. एफ४ रिकामं झाल्यामुळे ई३च्या उंटाला थेट एच६पर्यंत रस्ता मिळतो. आणि जी६वर मारामारी झाली की एफ-पट्टी उघडून एफ१च्या हत्तीची तोफ थेट एफ६वर रोखली जाते.

घोडा बी५. पांढऱ्याने जी६वर मारलं, गेलरने एच-प्याद्याने परत मारलं. प्याद्याने मारताना मध्याच्या दिशेने मारावं असा पाठ असतो, त्याप्रमाणे हे बरोबरच. एफ-प्याद्याने मारलं असतं तर ई६वर भोक पडलं असतं आणि पांढरा घोडा जी५मार्गे तिथे जाऊन बसला असता. पण एच-प्यादं हललं आणि एच७ उघडं पडलं. आता तिथे पहारा होता तो एफ६च्या घोड्याचा आणि खुद्द राजाचा. घोडा हटला, तर एकट्या राजाचा. ही गोष्ट लक्षात ठेवा.

एकविसाव्या चालीला पांढरा घोडा जी५वर आला. काळा घोडा ए३वर पोचला. सी२वर आता हत्ती आणि घोडा, दोघांचा दाब. पुढच्या चालीला ते प्यादं पडणार.

या क्षणी पट नीट बघा. काळ्याचे वजीर, एक हत्ती आणि एक घोडा, तिघेही ए-पट्टीवर आहेत: ए६, ए२, ए३. बी७चा उंट ई४च्या प्याद्यावर डोकं आपटतोय. राजाजवळ उरलेत एफ६चा घोडा, जी७चा उंट आणि एफ८चा हत्ती. आठव्या चालीपासून एकविसाव्या चालीपर्यंत गेलरने १४ चाली केल्या. त्यातल्या १३ वजिराच्या बाजूला झाल्या. उरलेली एक म्हणजे जी६वर प्यादं परत मारण्याची. राजाच्या बाजूला त्याने स्वतःहून एकही चाल केलेली नाही. तिकडे पांढऱ्याचा घोडा जी५वर, हत्ती एफ-पट्टीवर, उंट ई३वर उडी घ्यायच्या तयारीत, आणि वजिराला एफ२वरून एच४पर्यंत जी३मार्गे सरळ वाट.

स्पास्कीने सी२कडे पाहिलंसुद्धा नाही. वजीर एच४.

धमकी अशी: हत्तीने एफ६चा घोडा मारायचा. तो घोडा गेला की एच७चा खरा पहारेकरी गेला. काळ्याने हत्ती कशानेही मारला, तरी वजीर एच७वर येतो, त्याला जी५च्या घोड्याचा आधार आहे, आणि राजाला पळायला जागाच नाही, कारण एफ८वर त्याचाच हत्ती बसलाय. मात. म्हणजे अशा वेळी घोड्याने सी२ मारणं म्हणजे घराला आग लागलेली असताना हिशेबाची वही लिहीत बसणं.

गेलरला हे अर्थातच दिसलं. बाविसाव्या चालीला त्याने एफ८चा हत्ती सी८वर नेला, राजाला एफ८वर पळायला जागा करून दिली. पण हत्ती हटल्याबरोबर एफ७ राखायला एकटा राजा उरला. एक भोक बुजवलं, दुसरं पडलं.

तेविसावी चाल: हत्तीने एफ६चा घोडा मारला. पाच गुणांचं मोहरं देऊन तीन गुणांचं घेतलं. उंटाने हत्ती मारावा, तर वजीर एच७वर शह, राजा एफ८, आणि वजिराने एफ७ मारून तिथेच मात. म्हणून गेलरने ई-प्याद्याने मारलं. मग वजीर एच७ शह, राजा एफ८. आणि आता पंचविसाव्या चालीला घोड्याने एफ७चं प्यादं मारलं!

घोडा फुकट दिसतो. राजा तो मारू शकतो. पण मारला, तर पांढरा उंट ई३वरून एच६वर येतो आणि जी७चा काळा उंट मोठ्या पेचात सापडतो. एकीकडून वजीर, दुसरीकडून उंट त्याच्यावर, आणि तो हलला तर सातव्या ओळीतून एच७च्या वजिराचा राजाला शह. तेव्हा गेलरने प्रतिहल्ला निवडला: ए२च्या हत्तीने सी२ मारलं. इतका वेळ ज्यासाठी धडपड केली ते प्यादं अखेर पडलं, पण आता त्याला विचारतं कोण. उंट एच६. काळ्या हत्तीने सी१चा हत्ती शहासह मारला, ई२च्या घोड्याने तो परत मारला. तेराव्या चालीपासून ई२वर निवांत बसलेल्या या घोड्याची ही पहिलीच हालचाल. मग राजाने एफ७चा घोडा मारला आणि वजिराने जी७चा उंट शहासह मारला.

मोहरी मोजा. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा. पांढऱ्याकडे वजीर, दोन उंट, घोडा. म्हणजे हिशेबाने काळा थोडा पुढेच आहे. पण त्याचा राजा उघड्यावर आलाय, आणि त्याचे वजीर आणि घोडा अजूनही ए-पट्टीवर, मदतीला पोचतील अशा कुठल्याही जागेपासून दूर. राजा ई८ला गेला. स्पास्कीने एकोणतिसाव्या चालीला शांतपणे जी५ केलं. घाईचा शह नाही. एच६च्या उंटाला आधार आणि एफ६च्या प्याद्यावर दाब. माझ्या मते डावातली सगळ्यांत सुंदर चाल ही आहे, हत्तीच्या बलिदानापेक्षाही. काळा एफ५. वजिराने जी६ मारून शह, राजा डी७. वजीर एफ७ शह, राजा सी६.

आणि बत्तिसावी चाल: ई४च्या प्याद्याने एफ५ मारलं, शह. शह कोणाचा? जी२च्या उंटाचा. चौथ्या चालीला जी२वर बसलेला हा उंट त्यानंतर एकदाही हलला नव्हता. अठ्ठावीस चाली तो स्वतःच्याच ई४ प्याद्याच्या मागे गप्प होता. नवखे लोक या प्रारंभात त्याच उंटाविषयी तक्रार करतात की तो बिनकामाचा आहे, नुसता भिंतीकडे तोंड करून बसतो. इथे भिंत बाजूला झाली आणि तो जी२वरून थेट सी६पर्यंत पोचला. गेलरने डाव सोडला.

स्पास्कीने तो सामना साडेपाच विरुद्ध अडीच असा जिंकला. पुढे माल्मोला बेंट लार्सनला आणि कीव्हला व्हिक्टर कोर्चनॉयला हरवून तो पुन्हा पेट्रोस्यानसमोर बसला आणि १९६९मध्ये जागतिक विजेता झाला. बंदिस्त सिसिलियन खेळणारा तो काही पहिला नव्हे. त्याच्याआधी १९५७चा जागतिक विजेता वासिली स्मिस्लॉव्ह हा याचा मोठा जाणकार होता. पण एफ४ची ही आक्रमक पद्धत आज लोक स्पास्कीच्याच नावाशी जोडतात.

मग काळा चुकला कुठे? शेवटच्या पाच-सहा चालींत शोधत बसण्यात अर्थ नाही. तोवर फार उशीर झाला होता. दोन्ही बाजूंच्या शर्यतीत वेग सारखाच होता, किंबहुना गेलर आधी पोचला होता. फरक होता तो मुक्कामाचा. काळ्याच्या वाटेच्या शेवटी एक प्यादं होतं, पांढऱ्याच्या वाटेच्या शेवटी राजा. दोघांनी एकाच वेळी आपापलं उद्दिष्ट गाठलं तर कोण जिंकणार हे सांगायला नको. तेव्हा या रचनेत काळ्याने फक्त आपल्या बाजूला धावून चालत नाही. अधूनमधून एखादी चाल राजाच्या बाजूला खर्च करून पांढऱ्याला रोखावं लागतं.

कसं रोखायचं, याचं उत्तर आता चांगलंच रुळलंय. सहाव्या चालीला घोडा एफ६वर न काढता ई६ करायचं आणि घोडा ई७वर आणायचा. असं केलं की पांढऱ्याच्या त्या लाडक्या एफ५ घरावर ई६ प्यादं, जी६ प्यादं आणि ई७चा घोडा अशा तिघांचा पहारा बसतो. शिवाय काळा स्वतःच एफ५ करून तिथेच दार लावून घेऊ शकतो, कारण त्याच्या एफ-प्याद्यापुढे घोडा उभा नाही. गेलरची एफ६वरची घोड्याची चाल दिसायला स्वाभाविक आहे, पण तिने एफ-प्यादं अडकलं आणि घोडा पांढऱ्या हत्तीच्या तोफेच्या तोंडी गेला. एफ६वर जे बलिदान झालं त्याची बीजं सहाव्या चालीतच होती, असं म्हणायला हरकत नाही. काही जण ई६ऐवजी ई५ करून मध्य आणखी घट्ट करतात. काही जण तर या रचनेत शिरतच नाहीत. दुसऱ्याच चालीला ई६ करून लवकरात लवकर डी५ ढकलतात आणि पांढऱ्याला मध्य बंद ठेवूच देत नाहीत.

पांढऱ्यानेही नवे मार्ग काढले आहेत. ई६-घोडा ई७ आलं तरी एफ५चं प्यादं बळी देऊन ढकलायचंच, आणि काळ्या मोहऱ्यांचा गोंधळ उडवायचा, असा एक धाडसी प्रकार आहे. दुसरा सौम्य प्रकार म्हणजे सहाव्या चालीला एफ४ऐवजी उंट ई३, मग वजीर डी२ आणि संधी मिळताच उंट एच६. जी७च्या उंटाची अदलाबदल झाली की काळा राजा आपोआप उघडा पडतो. आणि तिसरी, अजून घाईची पद्धत म्हणजे जी३ न करता तिसऱ्याच चालीला एफ४ करायचं आणि उंट बी५ किंवा सी४ला काढायचा. ब्रिटनमधल्या स्पर्धांमुळे तिला ग्रां प्री हल्ला असं नाव पडलं. ती वेगळी गोष्ट आहे, पण स्वभाव तोच.

तुम्ही स्वतः क्लबात किंवा ऑनलाइन खेळत असाल आणि सिसिलियनसमोर पाठांतर करायला वेळ नसेल, तर बंदिस्त सिसिलियन जरूर खेळून पाहा. यात चालींचा क्रम पाठ असण्यापेक्षा मोहरी कुठे बसवायची हे कळणं जास्त उपयोगाचं पडतं. फक्त एक पथ्य पाळा: जी४ करण्याआधी वजिराच्या बाजूला सी२ राखायला कोण आहे ते पाहा. स्पास्कीने हत्ती सी१वर ठेवल्याशिवाय जी४ला हात लावला नव्हता.

आणि काळा खेळत असाल तर हाच डाव अठराव्या चालीपर्यंत मांडा, पांढरा वजीर एफ२वर आल्यावर थांबा. सी६चा घोडा ए७वर नेण्याऐवजी तुम्ही काय कराल? एफ६चा घोडा डी७वर घेतला, तर तोफेच्या तोंडून तो सुटतो आणि जी७च्या उंटाचा लांब कर्णही उघडतो, पण मग एच७वरचा पहारा जातो. दोन्ही बाजूंनी दहा-बारा चाली हाताने खेळून बघा, संगणकाला विचारायच्या आधी.